हत्याराचं सुतक

आधीच सांगून टाकतो, असले भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. बायको वाचत बसायची आणि मी मागून टोमणे मारायचो, "ह्यांना पोटभर जेवून झोपायला सांग, काय दिसायचं न्हाय!" आमच्या गॅरेजच्या दाराला एका गिऱ्हाइकानं प्रेमानं लिंबू-मिरची बांधलेली. त्याची पाठ वळल्यावर मी ती सोडली आणि मिरच्या भज्यांत घातल्या. तर असा हा नास्तिक, तापट, तोंडाळ माणूस पंचावन्नाव्या वर्षी इथं लिहायला बसलाय... हसायचं त्यांनी खुशाल हसा.

बेळगावातून खानापूर रस्त्याला लागलं की पिरनवाडी येते. रस्त्यालगत माझं गॅरेज, त्याच्या मागं अंगण, अंगणाच्या एका कडेला पत्र्याची शेड आणि दुसऱ्या कडेला घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड समोर दिसते. पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं या अंगणात, भर दिवसा घडलं.

चार वर्षांपूर्वी काकतीत एका गोठ्यात कडब्याखाली मला जुनी काँटेसा मोटार सापडली. म्हशीनं मागच्या सीटचा स्पंज खाल्लेला. मला आधीपासून अमेरिकन मसल कारचं वेड — ते लांबलचक बोनेट, ते रुंद खांदे, ते चिडक्या डोळ्यांचे दिवे! खरी गाडी काय आपल्या बापजन्मात दारात यायची नाही. म्हणून ठरवलं, हुबेहूब नक्कल करायची. खालचा सांगाडा आणि इंजिन मूळचं, वरची बॉडी सगळी नवीन पत्रा ठोकून. लाल रंग आणि मधून दोन पांढरे पट्टे. आणि झाली की विकायची, कारण असली गाडी ठेवून करायचं काय, पिरनवाडीत भाजी आणायला जायचं?

बॉडी ठोकायला होता आमचा यल्लाप्पा मिस्त्री. साठीचा माणूस, चिकोडीकडचा, कन्नड घरातला. वीस वर्षं माझ्याकडं. बाकीचे डेंटर ठोकून झालं की पुट्टी थापून वर रंग मारतात. यल्लाप्पाला पुट्टी म्हणजे शिवी. आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, वरून हातोडी, आणि तासन् तास टक टक टक. रोज सकाळी हातोडी उचलली की आधी ती कपाळाला लावायचा. आणि त्याचा एक नियम होता, रागात पत्र्याला हात लावायचा नाही.

"मालक, रागाचा ठोका पत्र्यात ऱ्हातोय. वरनं रंग मारला म्हणून जात न्हाय."

"व्हय रं? आणि लाडाचा ठोका मारला की पत्रा लाजतोय काय?" मी म्हणायचो. तो नुसता हसायचा.

त्याची एकुलती एक लेक, रेणुका. निपाणीपलीकडच्या एका गावात दिलेली. जावई अभिजित, तंबाखूच्या व्यापारातला, हातात चार अंगठ्या, दारात दोन गाड्या. लग्नात मी जेवून आलतो. सात वर्षांनी एका सकाळी यल्लाप्पाला फोन आला की रेणुका गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि गेली. पोलिसांत अपघात म्हणून नोंद झाली. पण शेवटची आंघोळ घालताना बायकांनी तिची पाठ बघितली होती. आणि सहा वर्षांची नात, चिन्नी, बापाकडंच राहिली. यल्लाप्पा तीनदा तिला मागायला गेला. तिसऱ्या वेळी जावयानं त्याला छातीवर हात ठेवून उंबऱ्याबाहेर ढकललं.

आता माझी चूक सांगतो. लपवण्यात अर्थ नाही.

रेणुका गेली तेव्हा गाडीचं बोनेट, छत आणि दोन्ही दारं ठोकायची राहिलेली. कोल्हापूरचे एक गिऱ्हाईक पंधरा दिवसांत बघायला येणार होते. चौथ्या दिवशी मी यल्लाप्पाच्या दारात.

"ये की रं कामाला. हात चालला की मन रमतंय."

"मालक, लेकीचं सुतक तीन दिस. पण हत्याराचं अकरा दिस. आमच्यात अकरा दिस हातोडी उचलत न्हाईत."

"हत्याराला कसलं आलंय सुतक? लोखंड रडतंय व्हय?"

हे मी बोललो. चार दिवसांपूर्वी लेक जाळून आलेल्या माणसाला बोललो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्यानं चपला घातल्या आणि माझ्या मागं स्कूटरवर बसला.

त्या दिवशी त्यानं हातोडी कपाळाला लावली नाही. मी बघितलं आणि सोडून दिलं. पुढचे आठ दिवस तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठोकत होता. नेहमीची टक टक नव्हती ती. ठण्ण... ठण्ण... ठण्ण. प्रत्येक ठोक्याला ओठ हलायचे. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. बायको, सुमन, स्वयंपाकघरातून बघून म्हणाली, "अहो, त्याला घरी पाठवा. ते काम न्हाय चाललेलं." मी तिच्यावरच खेकसलो. अकराव्या दिवशी बॉडी पुरी झाली. खोटं कशाला बोलू, त्याच्या हातचं इतकं सुंदर काम मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

रंग झाला. गाडी शेडमध्ये उभी राहिली की रस्त्यावरची वाहनं थांबायची. मी मात्र ती चालवली नव्हती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, क्लच दाबायला डॉक्टरांची मनाई. ट्रायल यल्लाप्पानंच घेतली. कोल्हापूरचे गिऱ्हाईक, एक निवृत्त मास्तर, मुलाबरोबर आले. स्वतः पुढच्या मच्छे गावापर्यंत चालवत गेले, लहान मुलासारखे खूश होऊन परत आले, आणि म्हणाले, "गाडी देखणी आहे हो, पण आमच्या बोळात वळायची नाही." गेले. त्यांना काहीएक झालं नाही, हे ध्यानात ठेवा.

मग मी ऑनलाइन जाहिरात टाकली. पहिला आला खानापूरकडचा एक कंत्राटदार. हसरा, मोठ्या आवाजाचा. आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारून "अण्णा, चा पाज की!" म्हणाला. चहा पिऊन एकटाच गाडी घेऊन गेला. दहा मिनिटांनी गाडी तिरकी तिरकी परत आली आणि फाटकाला घासून थांबली. काचा बंद. आतून आवाज येत होता — ठण्ण, ठण्ण. मला वाटलं, सस्पेन्शन गेलं बहुतेक. तेवढ्यात दार उघडलं आणि तो माणूस तोंडावर खाली पडला. नाक एका बाजूला गेलेलं, पुढचे दोन दात शर्टावर. रांगत रांगत लांब जात होता आणि ओरडत होता, "कोण हाय आत? अरं कोण हाय आत?"

आत कुणी नव्हतं. मी डिकीसुद्धा उघडून बघितली.

मी स्वतःची समजूत घातली की कंत्राटदार माणूस, शत्रू शंभर, वाटेत कुणीतरी गाठून धुतला असेल. पण त्याच्या कपाळावर आणि गालावर वळ होते ते गोल. रुपयाएवढे, कडा स्वच्छ. बत्तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याला हातोडीच्या तोंडाचं माप कळत नाही असं होईल का? कळलं होतं. मी तो विचार दाबून टाकला.

दुसरे आले बेळगावातले एक वकील. जुनं घराणं, बोलणं इतकं मऊ की पुढं वाकून ऐकावं लागे. या वेळी मी शेजारच्या सीटवर बसलो. गाडी गावाबाहेर निघाली, ते म्हणाले, "छान ओढते हो—" आणि त्यांचं डोकं खाडकन मागं गेलं.

समोर काही नव्हतं. काच शाबूत. पण चष्मा आत दबला आणि नाकाच्या हाडात घुसला. मग गाल आत गेला, माझ्या डोळ्यांदेखत, अदृश्य काहीतरी आपटल्यासारखा आत गेला आणि परत वर आला. ठण्ण. आवाज मांसावरचा नव्हता हो... पत्र्यावरचा होता. ठण्ण. गळ्याखालचं हाड मोडलं ते मी ऐकलं. ते हात वर करून तोंड झाकत होते, तर हातांवर बसत होते. रक्त माझ्या शर्टावर उडालं. मी हँडब्रेक ओढला, गाडी रस्त्याकडेला आली, मी पलीकडं वाकून दार उघडलं आणि त्यांना बाहेर लोटलं. बाहेर पडल्याबरोबर सगळं थांबलं.

रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात पाठवलं. राहिली गाडी. गुडघ्याची पर्वा न करता मी चालकाच्या सीटवर बसलो. किल्ली फिरवली.

ठण्ण!

एकच. डाव्या खांद्यावर, मागच्या बाजूनं. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो, दुसऱ्या ठोक्याची वाट बघत. दुसरा आला नाही. रडत रडत गाडी घरी आणली. व्हय, रडत. मला लाज नाही सांगायची.

सुमननं शर्ट काढून बघितलं. गोल, निळाजांभळा वळ.

"वकिलांना किती बसले?"

"मोजायला वेळ होता व्हय गं?"

"आणि तुम्हाला?"

"एक."

मग तिनं स्वतःच्या डाव्या खांद्यावर मागं बोट ठेवलं. "माझ्यापण हितंच व्हता," म्हणाली.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, आमटीत मीठ जास्त झालं एवढ्यावरून, मी तिच्यावर पितळेचा तांब्या भिरकावला होता. ती पाठमोरी वळली म्हणून खांद्यावर बसला. त्यानंतर कधी हात उचलला नाही. आवाज चढवला, हजारदा चढवला, पण हात नाही. मी तो तांब्या विसरलो होतो. मला वाटत होतं, तीही विसरली असेल.

मग तीच सांगायला लागली. वकिलीणबाई तिच्या भिशीत होत्या. मे महिन्याच्या उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्या. कंत्राटदाराची बायको दोनदा इथं पिरनवाडीत माहेरी पळून आलेली, तिच्या भावानं परत नेऊन घातलेली. आणि कोल्हापूरच्या मास्तरांना का काही झालं नाही, ते मला न सांगताच कळलं. मी म्हटलं, "गाडी तोडून भंगारात घालतो उद्या." ती म्हणाली, "घाला."

पण दुसऱ्या दिवशी फोन आला. "अण्णा, ती लाल गाडी हाय न्हवं अजून? निपाणीकडनं बोलतोय." नाव सांगितलं. अभिजित. सासरा कुठं कामाला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, विचारायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. पुढच्या महिन्यात त्याचं दुसरं लग्न होतं आणि वरातीला त्याला ही गाडी पाहिजे होती.

यल्लाप्पा समोरच बसलेला. मी फोनवर हात ठेवून त्याला सांगितलं.

"या म्हणा त्यास्नी," यल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "मला गाडीचं काय नको मालक. मला फकस्त माझी चिन्नी पायजे. दुसरं लगीन झालं की ती पोर त्या घरात कशी जगंल?"

त्याला गाडीचं ठाऊक होतं का? मी आजवर विचारलेलं नाही.

मला मात्र ठाऊक होतं. भुताखेतांवर विश्वास नाही म्हणणाऱ्या मी पूर्ण शुद्धीत ठरवून त्या माणसाला बोलावलं. वर एक थापही मारली, "आमच्याकडं गाडीची पूजा गिऱ्हाइकाच्या लहान मुलीच्या हातनं करतात, पोरीला घेऊन या." दहा दिवस आधी हसलो असतो असल्या गोष्टींना.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आला. चिन्नी मागच्या सीटवरून उतरली ती अंग चोरून. गोरीपान पोर, दंडावर चार बोटांचे काळे डाग. यल्लाप्पा शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला, त्याला बघून ती आधी बापाकडं बघायला लागली, जाऊ का म्हणून. सहा वर्षांची पोर आज्जाकडं जायला परवानगी बघते! माझं डोकंच फिरलं.

अभिजितनं सासऱ्याला बघितलं आणि तोंड वाकडं करून हसला. "हां... तुम्ही हितं व्हय? चांगलं ठोकलंय की."

"चांगलंच ठोकलंय," यल्लाप्पा म्हणाला.

सुमन पुढं आली आणि चिन्नीला "चल गं बाळ, तुला शंकरपाळी देते" म्हणून आत घेऊन गेली. अभिजित गाडीत बसला. दार ओढलं. आरशात मिशीवरून बोट फिरवलं.

पहिला ठोका तोंडावर बसला. मिशीखालचा ओठ फाटून दोन झाला. त्यानं दार उघडायला हात घातला, तर हाताची बोटं एकेक करून मोडली, अंगठ्यांसकट. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. थांबतच नव्हतं. जबडा खाली लोंबला. बरगड्यांवर बसायला लागले तसा तो सीटवर नुसता उडत होता. आतून काचेवर रक्ताचे शिंतोडे, आणि त्यातून त्याचा डोळा माझ्याकडं बघत होता. तो ओरडत होता की नाही ते ठोक्यांत ऐकू येत नव्हतं.

मी दारापासून चार पावलांवर होतो. पुढं झालो नाही. आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. पहिल्या काही ठोक्यांना बरं वाटत होतं. मग नकोसं झालं, तरीही मी जागचा हललो नाही. यल्लाप्पा स्टुलावर, हात मांडीवर, बशीत चहा तसाच. त्याचे ओठ हलत होते. त्या आठ दिवसांत हलायचे तसेच.

तेवढ्यात चिन्नी सुमनच्या हातून सुटून पळत आली. "पप्पा!" म्हणून तिनं किंकाळी फोडली आणि ती गाडीच्या दाराला लोंबकळली.

यल्लाप्पा उठला. नातीला एका हातानं मागं घेतलं. दुसरा हात बोनेटवर ठेवला, मग तो हात कपाळाला लावला — सुतकात राहून गेलेला नमस्कार — आणि बोनेटवर वाकून म्हणाला,

"साकव्वा... साक."

कन्नडमध्ये बाप लेकीला म्हणतो तसं. बास गं बाई, बास.

आणि थांबलं. अंगणात इतकी शांतता झाली की शेडच्या तापल्या पत्र्याची टिकटिक ऐकू येत होती.

दार सहज उघडलं. आम्ही त्याला बाहेर काढला, दवाखान्यात नेला. जगला. जबड्याला तारा, उजवा हात कामातून गेला, सहा बरगड्या मोडलेल्या. पोलीस आले. माझ्याच शेडच्या कॅमेऱ्यात सगळं होतं, गाडीत एकटा माणूस आणि तो आपोआप फुटतोय. फौजदारानं तीनदा बघितलं, कॅमेरा खराब आहे म्हणाला आणि जबाब घ्यायला दवाखान्यात गेला. मीही मागून गेलतो. मला वाटलं, अभिजित आता यल्लाप्पाचं नाव घेणार, म्हातारा आत जाणार आणि पोर परत त्या घरात जाणार.

अभिजितला बोलता येत नव्हतं. डाव्या हातानं कागदावर वेडंवाकडं लिहिलं. मी वाचलं.

"गच्चीच्या जिन्यावरून पडलो."

फौजदारानं ते तसंच लिहून घेतलं. रेणुकाच्या वेळी तिकडच्या पोलिसांनी घेतलं होतं, तसंच.

दुसरं लग्न मोडलं. चिन्नी आता यल्लाप्पाकडं असते, बापानं सही करून दिली. तिला घेऊन तो अधूनमधून रविवारी येतो, तिला मांडीवर घेऊन चालकाच्या सीटवर बसतो आणि ती पोर हॉर्न वाजवून वाजवून आमचे कान किटवते. पहिल्यांदा ती आत बसली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. परवा तर सीटवरच झोपली.

हे काय होतं? पत्र्यात राग राहतो का? ती रेणुका होती, की बापाचे आठ दिवस होते? मी एका इंजिनिअर मित्राला बोनेटचा पत्रा तपासायला सांगितलं, तो म्हणाला, साधा पत्रा आहे. यल्लाप्पाला विचारायचं धाडस माझ्यात नाही. एवढंच सांगतो, त्यानंतर आमच्या गॅरेजात कुणाच्या घरी काही झालं की अकरा दिवस त्याची हत्यारं मी स्वतः फडक्यात बांधून ठेवतो.

गाडी विकली नाही. जाहिरात काढून टाकली, तरी फोन येतात. भंगारातही घातली नाही, कारण किल्ली सुमनकडं आहे, डब्यात, डाळीच्या खाली. स्वभाव काय लगेच बदलत नाही हो. मागच्या आठवड्यात आमटी खारट झाली आणि माझा आवाज चढला. सुमननं शांतपणे ताट पुढं सरकवलं, डब्यातून किल्ली काढली आणि म्हणाली,

"चला, गाडीत बसून बोलूया."

मी आमटी दोनदा मागून घेतली.